‘पडीक’ : एका महसुली विशेषणाची चिकित्सा

सौरऊर्जाप्रकल्पांच्या जमिनीविषयीच्या शासकीय लेखनात ‘पडीक’ हे विशेषण इतक्या सहजतेने येते की, त्याची परीक्षा करावी असे कोणास वाटू नये. ‘पडणे’ या अकर्मक धातूपासून सिद्ध झालेले हे रूप वस्तुतः जमिनीचा गुण सांगत नाही. तिचा कोणाशी तरी असलेला संबंध सुटला, एवढेच ते सुचविते. तो कोणाशी होता आणि कोणी सोडला, हे मात्र झाकून ठेवते.

ग्रामीण बोलीत हा संबंध फार बारकाईने नोंदविलेला आढळतो. ‘चालू पड’ म्हणजे एखाद्या हंगामापुरती विसावलेली जमीन. ‘वरकस’ म्हणजे कोकणातील उताराची, नाचणी-वरीची. ‘गायरान’ म्हणजे गावच्या गुरांची. महसुली दप्तराची दृष्टी निराळी. सातबाऱ्यावरील ‘पोटखराब’ हा शब्द घ्यावा. त्या तुकड्यावर गवत असते, बोरी-बाभळी असतात, शेळ्या चरतात. तो खराब ठरतो तो आकारणीच्या हिशेबात. आकारणीच्या या कोटी आता ऊर्जाधोरणाने जशाच्या तशा उचलल्या आहेत. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत (२०१९) नापीक व पडीक जमिनींवर भर होता. नोव्हेंबर २०२० च्या दुरुस्तीने त्याच मालिकेत चराऊ आणि दलदलीची जमीन येऊन बसली. चराऊ या शब्दात चरण्याची क्रिया उघड असताना तो ‘नापीक’च्या पंक्तीला बसावा, हे अर्थदृष्ट्या विलक्षणच म्हटले पाहिजे.

महाराष्ट्रातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा (२०१७, दुसरा टप्पा २०२३) हेतू निःसंशय स्तुत्य आहे. रात्री-अपरात्री विंचवा-सापांच्या सोबतीने पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, ही मागणी जुनी आहे. (‘लाईट आली’, ‘लाईट गेली’ या प्रयोगांत वीज ही पाहुण्यासारखी स्वेच्छेने ये-जा करते, हे विसरण्याजोगे नाही.) म्हणून सौरप्रकल्पाला गावोगावी दिसणारी नाराजी ही नव्या ऊर्जेविषयीची अनास्था होय, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. दिवसाच्या विजेची मागणी करणारे गाव आपले गायरान देण्यास कुरकुरते, यात विसंगती नाही.

खरा प्रश्न मोबदल्याच्या रचनेत आहे. खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्यास दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये मिळतात; शासकीय जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते. ग्रामपंचायतीस अनुदान मिळते खरे. परंतु त्या रानात ज्याच्या चार शेळ्या चरत, ज्या धनगराचा वाडा तेथे मुक्कामाला येई, त्याचे नाव कोणत्याच कागदावर येत नाही. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि जागा वीज उपकेंद्राच्या जवळ हवी असते. तेव्हा निवड नापिकीपेक्षा सोयीने होते, आणि ‘पडीक’ हे विशेषण त्या निवडीचे समर्थन मागाहून पुरविते.

गायरान कायद्याने शासनाचे आहे, हा आक्षेप येथे संभवतो. तो खरा आहे, पण अपुरा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे २२ वे कलम मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्यास मुभा देते. म्हणजे मालकी आणि वहिवाट या दोन गोष्टी कायद्यालाही ठाऊक आहेत. पडजमिनीवर पहिला हक्क भूमिहीनाचा, हे दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांचे सूत्र होते. मराठवाड्यात अशा जमिनी कसणाऱ्या दलित कुटुंबांना दप्तर अद्यापि ‘अतिक्रमक’ म्हणते. दप्तरात जी पडीक, तीच त्यांच्या लेखी कसलेली! २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी राखण्याचा आदेश देताना भूमिहीनांसाठी अपवादाची वाट ठेवली होती. ऊर्जाधोरणाच्या शब्दावलीत तेवढीही जागा दिसत नाही.

भाडेपट्टा करण्यापूर्वी त्या जमिनीवर कोण चारतो, कोण कसतो, सरपण कोण नेतो, याची नोंद ग्रामसभेसमोर होणे हा किमान उपाय होय. अशी नोंद झाल्यावर ‘पडीक’ हा शेरा किती जमिनींवर टिकेल, हे तेव्हाच कळेल.