भिंतीतले भोक : वस्तू की अभाव?

भोक ही वस्तू आहे का? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. विद्यार्थी आधी हसतील, मग विचारात पडतील. इमारतींचे आराखडे करणाऱ्या संगणक-आज्ञावलींना मात्र याचे उत्तर द्यावेच लागते. वरच्या वर्गांतील मुलेही आता अशा आज्ञावली हाताळू लागली आहेत; तेव्हा ते उत्तर आपण तपासून घेतलेले बरे.

कागदावर भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. खिडकी हवी तेथे रेषा खोडायची. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडमध्येही मूळ रीत हीच होती. खिडकी हातभर सरकवायची तर जुनी जागा जोडा, नवी तोडा आणि हाच उद्योग प्रत्येक चित्रात पुन्हा करा. २००० साली आलेल्या रेव्हिटमध्ये भिंत हीच एक वस्तू असते आणि खिडकी तिची आश्रित. खिडकी बसवली की भोक पडते, सरकवली की तेही सरकते. भिंत पुसली तर खिडकीही जाते.

निरनिराळ्या आज्ञावलींमधील देवाणघेवाणीसाठी असलेल्या 'आयएफसी' या खुल्या मानकात भिंत, पोकळी आणि खिडकी अशा तीन वेगळ्या नोंदी असतात. खिडकी काढली तरी भोक उरते, हा साधा अनुभव त्यात नेमका उतरला आहे. अभावाचीही नोंद ठेवावी लागते, हा विचार मला फार आवडतो.

फायदाही मोठा आहे. ४ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि २३ सेंटिमीटर जाड भिंतीचे घनफळ २.७६ घनमीटर. त्यात १.२ मीटर लांबी-उंचीची खिडकी ठेवली की सुमारे २.४३ घनमीटर उरते. खिडकीचे माप बदला, हिशेब आपोआप बदलतो.

आता उणिवा. फ्रीकॅड या विनामूल्य आज्ञावलीत भोकाची खोली हा एक आकडा असतो. तो शून्य ठेवला तर आज्ञावली खोली स्वतः ठरवते. पण भिंतीच्या जाडीपेक्षा लहान आकडा भरला, तर खिडकीऐवजी कोनाडा तयार होऊ शकतो! ही चूक निदान डोळ्यांना दिसते. खरी उणीव दिसत नाही, ती म्हणजे वजनाची.

वरच्याच भिंतीत खिडकीचा माथा २.१ मीटरवर असेल, तर त्यावर ०.९ मीटर उंचीचे वीटकाम उरते. घनमीटरला सुमारे १९०० किलो धरले, तर खिडकीच्या नेमके वरचे वीटकाम सुमारे ४७० किलो भरते. त्यातला काही भार कमानीप्रमाणे दोन्ही बाजूंना वळतो. उरलेला पेलायला लिंटेल हवेच. पडद्यावर मात्र लिंटेलवाचून सारे अधांतरी उभे राहते आणि आज्ञावली हूं की चूं करत नाही. कोपऱ्याला खेटून खिडकी ठेवली तरी चालते. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४३२६ सांगते, की भोके शक्यतो लहान आणि भिंतीच्या मध्याकडे असावीत.

भार तपासणाऱ्या आज्ञावली निराळ्या असतात, हे खरे. पण शिकणाऱ्याला तो भेद ठाऊक नसतो. जे पडद्यावर उभे राहिले ते जमिनीवरही राहील, असे त्याला वाटते. म्हणून या आज्ञावली वर्गात जरूर वापराव्यात. पण त्याआधी रिकाम्या काड्यापेट्यांची, सांधे एकाखाली एक येणार नाहीत अशी, भिंत रचावी. मधली एक पेटी काढली तर वरच्या बहुधा टिकतात. शेजारच्या तीन काढल्या तर वरून पायऱ्यापायऱ्यांचा त्रिकोण ढासळतो. तो त्रिकोण पाहिलेला विद्यार्थी संगणकावर खिडकी काढताना आपण होऊन विचारील, "हिच्या वरचे वजन कोण पेलणार?" हा प्रश्न आज्ञावली विचारत नाही, तो शिक्षकानेच रुजवायला हवा.