सर रिचर्ड टेंपल आणि जातिद्वेषाचा आरोप

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल (कारकीर्द १८७७ ते १८८०) यांच्याविषयीं आपल्याकडे दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष त्यांस वर्णद्वेष्टे म्हणतो. दुष्काळांत मजुरांचें धान्य तोडणें आणि चित्पावनांविषयींचें पत्र हीं त्याचीं प्रमाणें. दुसरा पक्ष विचारतो कीं, ज्यांनीं हिस्लॉप यांचे मध्यप्रांतांतील आदिवासींविषयींचे कागद १८६६ मध्यें संपादून छापविले, त्यांस द्वेष्टे कसें म्हणावें? दोन्ही पक्ष निर्णय आधीं करितात व प्रमाणें मागाहून जमवितात, असें आम्हांस वाटतें.

प्रथम लक्षण ठरविलें पाहिजे. एखाद्या समाजावर टीका करणें म्हणजे पूर्वग्रह नव्हे. जोतीराव फुले यांनीं १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ब्राह्मणांवर कठोर प्रहार केले. त्यांतील इतिहासाच्या उपपत्तीशीं कोणाचा मतभेद असो. शाळा, कचेरी व धर्मविधि यांतील अन्यायाची ती अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूनें केलेली फिर्याद होती. प्रमाण पाहण्यापूर्वीं जन्मावरून व्यक्तीचा हेतु ठरविणें, आणि उलट प्रमाण समोर आलें तरी तो ग्रह न सोडणें, यास आम्ही पूर्वग्रह म्हणतों.

आतां दुष्काळ घ्या. १८७७ च्या आरंभीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे प्रतिनिधि म्हणून टेंपल यांनीं मजुरीचा धान्यभाग दीड पौंडावरून एक पौंडावर आणिला. हजारों मजूर कामें सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें दाद मागितली. परंतु याच गृहस्थांनीं १८७४ मध्यें बिहारच्या दुष्काळांत ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून असंख्य जीव वांचविले होते, आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपकाही सोसला होता. उपाशी रयत दोन्ही वेळां हिंदीच. जो हेतु दोन्ही स्थळीं सारखाच विद्यमान, त्यानें कार्यांतील भेद कसा सिद्ध व्हावा? नैयायिक यास व्यभिचारी हेतु म्हणेल. भेद पडला तो वरिष्ठांच्या इच्छेनें व काटकसरीच्या धोरणानें. येथें वर्णद्वेष सिद्ध होत नाहीं. पण तेवढ्यानें अपराध हलका होतो असेंही नाहीं. वरिष्ठांची मर्जी राखण्यासाठीं भुकेल्याच्या ताटांतील घास कमी करणारा मनांत द्वेष बाळगीत नव्हता, यानें मेलेल्यांस काय मिळालें?

पत्राची गोष्ट निराळी. जुलै १८७९ मध्यें टेंपल यांनीं लिटन यांस लिहिलें, त्याचा आशय असा कीं, पश्चिम हिंदुस्थानांतील ब्राह्मणांइतकी चिवट व कधींही न शमणारी राजकीय महत्त्वाकांक्षा आपण अन्यत्र पाहिली नाहीं. हें वाक्य तारखेवांचून वाचूं नये. मे महिन्यांत पुण्याचे बुधवारवाडा व विश्रामबागवाडा आगींत सांपडले होते. वासुदेव बळवंत फडके अद्याप हातीं लागले नव्हते, आणि ते चित्पावन होते. भीतीस कारण होतें, हें मान्य केलें पाहिजे.

तथापि भीतीचें कारण निराळें आणि दोषारोपाचें प्रमाण निराळें. फडक्यांच्या टोळींत रामोश्यांचा भरणा होता; दौलतराव नाईक हे त्यांचे मुख्य साथी. तरी दोष आला तो सबंध ब्राह्मण जातीवर. शब्द एवढ्यावरच राहिले असते तर आम्ही ते संतापाचे म्हणून सोडले असते. परंतु त्याच काळीं सरकारी न्यायाधीश असलेल्या महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली व त्यांच्या पत्रव्यवहारावर पाळत बसली. बंडाशीं त्यांचा कांहींएक संबंध कधीं सिद्ध झाला नाहीं. त्यांची विद्वत्ता, पुण्याचें वास्तव्य आणि जात एवढ्यावर संशय उभा राहिला. येथें शब्द व कृति एकमेकांस साक्ष देतात. आमच्या मतें १८७९ चा आरोप सिद्ध आहे.

म्हणजे एकाच मनुष्याविषयीं एक आरोप सिद्ध व दुसरा असिद्ध ठरतो. कित्येकांस हा निर्णय गुळमुळीत वाटेल. परंतु चार माणसांच्या वर्तनावरून टेंपल यांनीं एका जातीस दोषी धरिलें. आपण एका टेंपलवरून सर्व इंग्रजांस दोषी धरूं लागलों, तर त्यांची चूक दाखविण्याचा आपला अधिकार कोठें राहिला? चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासारखे हिंदुस्थानाचा पक्ष घेणारे पार्लमेंटचे सभासदही इंग्रजच होते.

संग्राहकांस दोन सूचना करितों. ‘इंडियन अँटिक्वेरी’चे संपादक सर रिचर्ड कार्नाक टेंपल हे यांचे पुत्र, पित्याच्या मतांचा बोजा पुत्राच्या दप्तरावर घालूं नये. आणि या काळचीं पत्रें उतरून घेतांना मिती, ठिकाण व ज्यास लिहिलें त्याचें नांव कधींही गाळूं नये. फडक्यांस एडनला नेण्यापूर्वीं आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं, ठाण्याच्या तुरुंगांत, ठेविलें होतें. त्या काळचे कागद अद्याप खासगी घरांत निघण्याचा संभव आहे. ते निघाल्यास आमच्या निर्णयास बाधक असले तरी अवश्य प्रसिद्ध व्हावे.

भिवंडी