‘दृढ’ आणि ‘ताठ’ : परिवलनाच्या परिभाषेची एक चिकित्सा

दृढ वस्तू फिरता फिरता मंदावते, असे विधान मराठी विज्ञानलेखनात सहज केले जाते. ह्या एका क्रियापदात दोन भिन्न घटना एकवटल्या आहेत. म्हणून हा दोष केवळ शैलीचा नसून विचाराचा आहे.

जमिनीवरील भोवऱ्याच्या आरीपाशी घर्षण आणि सभोवती हवा बाह्य परिबल लावतात. तेथे ऊर्जा व कोनीय संवेग ही दोन्ही घटतात. १९५८ साली सोडलेल्या ‘एक्स्प्लोअरर-१’ ह्या उपग्रहाची गोष्ट निराळी आहे. सुमारे दोन मीटर लांबीची ही नळकांडी लांबीच्या अक्षाभोवती फिरत ठेवली होती. पण अल्पावधीतच ती आडवी गिरक्या घेऊ लागली. तिच्या लवचिक आकाशकांच्या हेलकाव्यांत ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडली. कोनीय संवेग मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. संवेग स्थिर असता ऊर्जा निरूढी परिबलाच्या व्यस्त प्रमाणात असते. समघन दंडगोल कल्पिल्यास आडव्या अक्षाभोवतीचे परिबल येथे सुमारे शंभरपट भरते. म्हणजे किमान ऊर्जेची स्थिती तीच होय.

ऑयलरने १७६५ च्या ग्रंथात ज्या दृढ वस्तूचे गणित मांडले, तिच्यातील कोणत्याही दोन कणांमधील अंतर बदलत नाही. अशा वस्तूत अंतर्गत ऊर्जाऱ्हास संभवतच नाही. तेव्हा उपग्रहाला ‘दृढ’ म्हणणे हीच मूळ चूक ठरते. व्यवहारातील ‘दृढ निश्चय’, ‘दृढ पाया’ ह्या प्रयोगांमुळे विद्यार्थी त्या शब्दाचा अर्थ ‘बळकट’ असा घेतो आणि व्याख्या निसटते.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे राजवाडी होळीसाठी उंच बांबू उभारतात. बुंधा खड्ड्यात टेकवून शेंडा वर नेताना बांबू बुंध्याभोवती फिरतो. गुरुत्व व माणसांचे हात बाह्य परिबल लावतात. तेव्हा तेथे संवेगाच्या अक्षय्यतेचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु शेंडा वाकतो, हेलकावतो आणि त्यात काही ऊर्जा मुरते. उभा राहिल्यावर बांबू ताठ खरा, दृढ नव्हे. ज्या विद्यार्थ्याची घरची बोली भिली आहे, त्याला प्रमाण मराठीच आधी शिकावी लागते. संदिग्ध संज्ञेचा भार त्याच्यावर दुप्पट पडतो. हा भेद त्याच्या डोळ्यांपुढे असूनही ग्रंथ त्याचा उपयोग करीत नाहीत.

सबब ‘मंदावते’ एवढ्यावर न थांबता काय घटते, कोणत्या अक्षाभोवती आणि कारण बाह्य की अंतर्गत, हे तिन्ही सांगितले पाहिजे. संज्ञा बदलण्याची गरज नाही. तिची मर्यादा प्रत्येक वापरात पाळण्याची आहे.