पाचारण एकाचं, संसार दोघांचा

माझ्या पीएच.डी.चा विषय आहे मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रं. इकडे चंद्रपूर-गडचिरोलीत तो सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: आपल्या भागाशी त्याचा काय संबंध? थोडासा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल आलं ते नागपूर-राजनांदगाव रेल्वेत, एका युरोपियन सहप्रवाशाकडून. राजनांदगाव म्हणजे आपल्या कोरचीच्या पलीकडचंच.

पण आज बोलायचंय लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल. प्रश्न असा: आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर हेतूने जगायचं म्हणजे नेमकं काय?

आश्रमव्यवस्थेत टप्पे वयानुसार ठरतात. ख्रिस्ती विचारातला शब्द आहे ‘पाचारण’, म्हणजे देवाचं बोलावणं. ते कोणत्याही वयात येऊ शकतं. अब्राहाम घर सोडतो तेव्हा ७५ वर्षांचा आहे. शमुवेलाला हाक येते तेव्हा तो लहान मुलगा आहे. ऐकायला छान वाटतं. पण घरात एकालाच हाक ऐकू आली तर?

बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’ घ्या. नावातच सगळं आलं: अंधार सरतो, उजाडतं. कथेची वाट १८५४च्या बाप्तिस्म्याकडे जाते. ‘स्मृतिचित्रे’त मात्र बाप्तिस्मा होतो आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. १० फेब्रुवारी १८९५ला टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्यासाठी ती हेतूची सुरुवात होती. लक्ष्मीबाईंच्या पदरात उरला तीन-चार वर्षांचा दत्तू आणि जिवंत असून दुरावलेला नवरा.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळं-ओवळं लगेच सुटलं नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटलं, आणि १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे लक्षात घ्या: टिळक उडी घेतात, लक्ष्मीबाई पायरी-पायरीने चढतात. १९१७मध्ये टिळकांनी ख्रिस्ती संन्यास घेतला, ‘देवाचा दरबार’ उभारण्यासाठी. चौथा आश्रम नव्या धर्मातही आलाच! पण संन्याशाच्या मागेही घर असतं, आणि ते कुणीतरी चालवत असतं.

या पुस्तकाच्या विनोदाचं आपण फार कौतुक करतो. मला विचाराल तर तो विनोद म्हणजे हिशेबाची वही आहे. नवऱ्यावर माया आहे, पण त्याच्या ध्येयाची किंमत कुणी मोजली हे त्या विसरू देत नाहीत.

एक उणीव मला बरेच दिवस खटकत होती. आपल्या स्वतःच्या पाचारणाबद्दल लक्ष्मीबाई फार कमी बोलतात. मग मी तारखा मांडून पाहिल्या. १९१९मध्ये टिळक गेले. त्यांनी जेमतेम सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेत न शिकलेल्या या बाईच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४मध्ये, त्यांच्या वयाच्या ६६व्या वर्षी. पाचारणाबद्दल लिहायला त्या थांबल्याच नाहीत. म्हातारपण त्यांनी कामाला लावलं.

म्हणून हेतुपूर्ण आयुष्याच्या गोष्टी वाचताना, मग त्या कोणत्याही धर्मातल्या असोत, एक प्रश्न जवळ ठेवा: हेतू कुणाचा होता, आणि त्या काळात चूल कुणी पेटती ठेवली?