आडोशामागचे शहर

सॉल लायटर या छायाचित्रकाराविषयी लिहिताना ‘साध्यासुध्या गोष्टींतले सौंदर्य’ हे शब्द हटकून येतात. मला ते अपुरे वाटतात. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सौंदर्य पडलेलेच होते आणि लायटरने ते वेचले, असा त्यातून भास होतो. त्याची रंगीत छायाचित्रे सावकाश पाहिली, तर वेगळेच काही ध्यानात येते. चौकटीतला बराचसा भाग त्याने दृष्टीआड येणाऱ्या वस्तूंनाच देऊन टाकलेला असतो.

‘थ्रू बोर्ड्स’ (१९५७) घ्या. जवळजवळ सगळे चित्र गडद फळ्यांनी व्यापले आहे. मधल्या आडव्या फटीतून रस्त्याची अरुंद पट्टी तेवढी दिसते. ‘कॅनपी’मध्ये (१९५८) वरचा मोठा भाग काळ्या छताने गिळला आहे, माणसे आणि बर्फ खाली उरले आहेत. ‘स्नो’मध्ये (१९६०) बाष्प धरलेली काच आहे, पलीकडे एक धूसर माणूस. वृत्तछायाचित्रकार दोन पावले सरकून जे टाळेल, तेच इथे चित्राचा विषय झाले आहे.

ही दृष्टी त्याला कोणत्याही छायाचित्रण-शाळेने दिली नाही. १९२३ साली पिट्सबर्गमध्ये जन्मलेल्या लायटरचे वडील ताल्मूदचे विद्वान होते आणि मुलाने धर्मगुरू व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ते शिक्षण अर्धवट टाकून तो १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आला, तोही चित्रकार होण्यासाठी. मात्र स्वयंशिक्षित म्हणजे अडाणी नव्हे. बोनार आणि व्हुयार हे त्याचे आवडते चित्रकार, जपानी काष्ठमुद्राचित्रांचाही त्याला मोठा ओढा. उभी चौकट, कडेला कापली गेलेली आकृती, भरपूर मोकळी जागा या गोष्टींचे मूळ मला तिथे दिसते.

१९४८ च्या सुमारास तो रंगीत फिल्म वापरू लागला. कलाजगतात तेव्हा कृष्णधवल छायाचित्रच गंभीर मानले जाई. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने विल्यम एगलस्टनचे गाजलेले रंगीत प्रदर्शन भरवले ते १९७६ मध्ये. लायटरचे पोट ‘हार्पर्स बझार’सारख्या मासिकांतल्या फॅशन छायाचित्रांवर चाले. रस्त्यावरच्या रंगीत स्लाइड बहुतांशी पेट्यांतच राहिल्या. ‘अर्ली कलर’ हे पुस्तक २००६ मध्ये निघाले तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. त्याच दशकात विल्यम क्लाइनने न्यूयॉर्कची आक्रमकता दाखवली, रॉबर्ट फ्रँकने ‘द अमेरिकन्स’मध्ये वर्णभेद आणि एकाकीपण समोर ठेवले. लायटरकडे लाल छत्र्या आणि बर्फ. हे पलायन नव्हे काय? काही अंशी आहे. त्या काळचे न्यूयॉर्क समजून घ्यायचे असेल, तर एकट्या लायटरवर विसंबू नये. तिथले दारिद्र्य आणि संघर्ष त्याच्या चित्रांत फारसे उतरत नाहीत.

पण परक्या माणसाशी कसे वागावे, याचे उत्तर मला त्याच्याकडेच मिळते. क्लाइन भिंग थेट चेहऱ्याशी नेतो. लायटरच्या ‘टॅक्सी’मध्ये (१९५७) प्रवाशाचा पट्टा धरलेला हात ठळक दिसतो, चेहरा नाही. तो कोण, कुठे निघाला, थकला आहे की आनंदात आहे, यांतले काहीच आपल्याला सांगितले जात नाही. मोठ्या शहरात अनोळखी माणूस आपल्याला भेटतो तो असाच, तुकड्यातुकड्यांनी. त्यामुळे लायटरचा आडोसा मला निव्वळ सजावट वाटत नाही. शहरातल्या परकेपणाचे ते प्रामाणिक वर्णन आहे, आणि त्या माणसाचा खासगीपणाही त्यात शाबूत राहतो.

आज त्याचे अनुकरण भरपूर होते. ओली काच आणि लाल छत्री कुणालाही जमते. परंतु काचेपलीकडच्या माणसाला त्याच्या नकळत उघडे पाडायचे नाही, हा संयम त्या नकलेत सहसा नसतो. लायटर १९५२ पासून २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ईस्ट टेन्थ स्ट्रीटवर राहिला आणि त्याची कितीतरी चित्रे घराच्या आसपासच्या गल्ल्यांतलीच आहेत. ज्यांची छायाचित्रे घेतली त्यांच्याच शेजारात त्याला उद्याही राहायचे होते.