‘रेडिओ बिकिनी’ : संमतीचा रीटेक

‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’ म्हणजे काय, असं पीएचडीच्या मुलाखतीत विचारलं की आपल्यापैकी बरेच जण सहीच्या फॉर्मचं वर्णन करायला लागतात. तुम्ही माणसांसोबत काम होईल अशा संशोधनात शिरणार असाल, तर फॉर्म हातात घेण्याआधी एक तासाभराचा माहितीपट बघा. रॉबर्ट स्टोन यांचा ‘रेडिओ बिकिनी’. १९८८च्या ऑस्करमध्ये त्याला नामांकन होतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. बिकिनी हे पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांपैकी एक प्रवाळी कंकणद्वीप. दुसऱ्या महायुद्धात ही बेटं जपानकडून अमेरिकेकडे आली. १० फेब्रुवारी १९४६, रविवार. मार्शल बेटांचा लष्करी गव्हर्नर कमोडोर बेन वायट तिथं आला आणि चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर त्यानं गावकऱ्यांसमोर विनंती ठेवली : अणुबाँबच्या चाचण्यांसाठी बेट तात्पुरतं सोडाल का? मानवजातीच्या भल्यासाठी. गावप्रमुख जूडा यांनी उत्तर दिलं की सगळं देवाच्या हाती आहे. ७ मार्चला १६७ माणसं बेट सोडून रोंगेरिकला गेली.

माहितीपटाचा जीव आहे तो या भेटीच्या चित्रीकरणात. आपण जे बघतो ती फेब्रुवारीतली खरी भेट नाहीच. लोक निघण्याच्या काही दिवस आधी ती कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवून आणली गेली, आणि तीही एका टेकमध्ये नाही. वायट तोच प्रश्न विचारतो, दुभाषी सांगतो, जूडा तेच उत्तर देतात. मग परत. बातमीपटात यातला एकच तुकडा गेला असता आणि तो बघून कुणालाही वाटलं असतं, वा, किती समजुतीनं झालं सगळं! स्टोन यांनी वगळलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवले. वर निवेदकाचा आवाजही नाही. आरोप न करता आरोप करण्याची ही पद्धत मला फार आवडते. डेटा नीट मांडला की चर्चेच्या प्रकरणात ओरडावं लागत नाही, तसं काहीसं.

पण निवेदन नसल्याचा तोटाही आहे, आणि इथं माझं या माहितीपटाशी भांडण आहे. अध्यक्ष ट्रुमन यांनी चाचण्यांना मंजुरी दिली होती १० जानेवारीला. बिकिनीचं नावही जानेवारीतच पक्कं झालं होतं. म्हणजे प्रश्न विचारला गेला तेव्हा ‘नाही’ या उत्तराला जागाच उरली नव्हती. तारखांचा हा क्रम प्रेक्षकाला ठळकपणे कळला नाही, तर बिकिनीचे लोक भोळे होते म्हणून फसले, एवढंच मनात राहतं. ते चूक आहे. ‘देवाच्या हाती’ हे वाक्य नीट ऐका : त्यात ‘हो’ कुठंय? वायट मात्र म्हणतो की देवाच्या हाती आहे म्हणजे चांगलंच होणार, आणि काम झालं म्हणून मोकळा होतो. उत्तर जूडांचं, अर्थ वायटचा.

शिवाय उत्तर एका माणसाचं. आपल्याकडेही फील्डवर्कला गेल्यावर सरपंचांनी मान डोलावली की गावानं होकार दिला असं धरून चालणारे कमी नाहीत. सरपंचांची परवानगी लागतेच, पण तेवढ्यावर कुणाच्या आजीचं रक्त घेता येत नाही.

माहितीपटाचा भर १९४६च्या दोन स्फोटांवर आहे. स्फोटांच्या वेळी तिथं असलेले नौसैनिक जॉन स्मिदरमन यांची मुलाखत त्यात आहे. शेवटी कॅमेरा मागे जातो आणि त्यांच्या शरीराचं काय झालंय ते दिसतं. दृश्य हादरवणारं आहे, नाकारत नाही. फक्त त्या धक्क्यात बेटावरची माणसं किंचित मागे पडतात. किलोन बाउनो हे बिकिनीचे रहिवासी बोलतात खरे, पण पुढची कथा आपल्याला स्वतः वाचावी लागते. रोंगेरिकवर खायला पुरेना, म्हणून १९४८ मध्ये लोकांना आधी क्वाजालीन आणि मग किली बेटावर हलवलं. चाचण्यांसाठी तात्पुरत्या मागितलेल्या बिकिनीत १९५८ पर्यंत २३ स्फोट झाले. १९५४चा ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बाँब तर १५ मेगाटनांचा. असा बाँब १९४६ मध्ये अस्तित्वातच नव्हता. मग त्याला संमती कुणी आणि कशी दिली असेल? (एका अभ्यासासाठी घेतलेले नमुने फ्रीजरमध्ये ठेवून पाच वर्षांनी दुसऱ्याच प्रश्नाला वापरायचा मोह होईल, तेव्हा हे आठवा.)

सत्तरच्या दशकात काही कुटुंबं परतली. पण प्रवाळी मातीत पोटॅशियम कमी असतं, आणि रासायनिकदृष्ट्या त्याच्यासारखंच असलेलं सीझियम-१३७ नारळाची झाडं मुळांतून ओढून घेतात. नारळ खाणाऱ्यांच्या शरीरात ते साठत गेलं. १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बोटीत बसवलं गेलं.

माहितीपट दोनदा बघा. दुसऱ्यांदा बघताना वायट बोलत असेल तेव्हा त्याच्याकडे बघू नका, समोर वाळूत बसलेल्या माणसांचे चेहरे बघा. तिसऱ्या-चौथ्यांदा तेच वाक्य ऐकणाऱ्यांचे.