आरेखनांची देवघेव आणि अर्थहानी

वास्तूचे आरेखन म्हणजे केवळ रेषांची मांडणी नव्हे. काय मोजले, काय अनुमानिले आणि काय योजिले, याचे ते निवेदन असते. संगणकाच्या एका आरेखन-प्रणालीतून दुसरीत नकाशा नेताना रेषा बहुधा सुखरूप पोचतात. हानी होते ती या निवेदनाची.

अंबरनाथचे शिवालय या दृष्टीने उत्तम कसोटी ठरते. शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेल्या या भूमिज शैलीच्या मंदिराच्या शिखराचा वरचा भाग आज नाही. उरलेल्या लता आणि त्यांमधील लघुशिखरांच्या ओळी यांवरून लुप्त भागाची कल्पना करता येते. परंतु ती कल्पनाच होय. म्हणून साक्षेपी अभ्यासक मोजलेल्या रेषा एका स्तरावर आणि अनुमानित रेषा दुसऱ्या स्तरावर ठेवतो. देवघेवीत हे स्तर एकवटले, की पुढील आरेखकाच्या हाती अनुमान हेच प्रमाण होऊन येते.

ऑटोकॅडबरोबर १९८२ साली आलेल्या डीएक्सएफ स्वरूपाने रेषा, कंस व स्तर यांची वाहतूक सुकर केली, हे मान्य करावयास हवे. तथापि जुन्या फायलींत आकडा फुटांचा की मीटरचा, हे बहुधा नोंदलेले नसे. आणि युनिकोडपूर्व टंकांतील मराठी टीपा तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे बनतात. २०१३ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकृत झालेल्या आयएफसीने भिंत, खांब, द्वार अशी ओळख घटकांना दिली, हा मोठाच लाभ. पण जंघा किंवा लता यांना तेथे स्वतंत्र वर्ग नाही.

हा प्रश्न पुरातत्त्वापुरता मर्यादित नाही. उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामांच्या नियमितीकरणासाठी २००६ साली कायदा झाला. अशा प्रकरणी मूळ बांधकाम कोणते व भर कोणती, हाच कळीचा मुद्दा असतो. बदलापुरातील घराच्या नकाशातही अस्तित्वातील, पाडावयाचे व प्रस्तावित बांधकाम यांतील भेद पुसला गेला, तर नकाशा असून नसल्यासारखाच.

सर्वांनी एकच प्रणाली वापरावी, हा उपाय वरकरणी सोपा वाटतो. पण साडेनऊ शतके उभ्या असलेल्या वास्तूची नोंद एका कंपनीच्या आयुष्याशी बांधणे शहाणपणाचे नव्हे. त्यापेक्षा प्रत्येक फायलीसोबत परिमाण, स्तरांचा अर्थ व मोजणीची तारीख युनिकोड मराठीत द्यावी, आणि अनुमानित रेषा तुटकच काढावी. तिचा अर्थ मग तिच्या रूपातच राहील.